स्लॅब टाकण्यापूर्वी: पाईप स्लीव्ह कशासाठी, कोठे आणि कशी बसवावी

घराचा स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी शटरिंगवर, म्हणजे काँक्रीटसाठी उभारलेल्या तात्पुरत्या साच्यावर, चढून पाहिले, तर सळयांच्या जाळीत ठिकठिकाणी पाईपचे आखूड तुकडे उभे केलेले दिसले पाहिजेत. तोंडाला चिकटपट्टी गुंडाळलेले, आत वाळू भरलेले आणि बायंडिंग तारेने सळयांना आवळलेले हे तुकडे म्हणजे पाईप स्लीव्ह. गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा या भागांत नळकामाची देखरेख करताना ज्या गळत्या माझ्यासमोर आल्या, त्यांतील कितीतरी ठिकाणी पाईप फुटलेलाच नव्हता. पाईप भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जातो त्या वीतभर जागेत काहीतरी चुकले होते. ही वीतभर जागा कशी सांभाळावी, हे घर बांधणाऱ्यांना आणि नव्याने या कामात येणाऱ्या प्लंबरांना कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्लीव्ह काय करते

स्लीव्ह ही पाईपपेक्षा मोठ्या व्यासाची आखूड नळी असते आणि भिंत, स्लॅब, तुळई किंवा पाया बांधतानाच ती त्यात बसवली जाते. तिच्यातून पाणी वाहत नाही. पाणी नेणारा पाईप नंतर तिच्या आतून ओवला जातो आणि दोहोंमध्ये चहूबाजूंनी मोकळी फट राहते. इमारत स्लीव्हला पक्के धरून ठेवते, पाईपला मात्र धरत नाही, आणि स्लीव्हचे सगळे उपयोग या एका गोष्टीतूनच निघतात.

सर्वांत मोठे कारण तापमानाचे आहे. गरम पाण्यासाठी हल्ली बहुतेक घरांत सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, पाईप वापरला जातो आणि तो दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढतो. दोन मजल्यांमधील ३ मीटरच्या उभ्या पाईपमध्ये आधी ३० अंशांचे पाणी असेल आणि सौर बंबातून ६० अंशांचे पाणी उतरू लागले, तर तो पाईप सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबतो आणि पाणी निवले की तेवढाच आखडतो. भोवतालचे काँक्रीट एक तर इतके तापत नाही, आणि तापले तरी ते पाईपच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकेच वाढते. पाईप काँक्रीटमध्ये घट्ट रुतलेला असेल तर ही रोजची ओढाताण जवळच्या एल्बोवर किंवा टीवर, म्हणजे वळणाच्या किंवा फाट्याच्या जोडावर, येते. सांधा एका दिवसात सुटत नाही, पण वर्ष-दोन वर्षांनी तो घामेजल्यासारखा पाझरू लागतो आणि तोवर त्यावर फरशी बसलेली असते.

दुसरे कारण जमिनीचे. आपल्याकडे शेताच्या किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) सखल जागेत भराव घालून बांधलेली घरे पुष्कळ आहेत, आणि भरावाची माती पहिल्या काही पावसाळ्यांत बसत जाते. घर पायावर उभे असते, पण बाहेर सेप्टिक टाकीकडे जाणारा पाईप मातीवर टेकलेला असतो. माती खचली की पाईप खाली ओढला जातो, आणि भिंतीत तो घट्ट असेल तर भिंतीच्या कडेशीच मोडतो. स्लीव्हमधील फट त्याला काही मिलिमीटर खाली सरकण्याची मुभा देते.

तिसरे कारण पुढच्या दुरुस्तीचे. वीस-पंचवीस वर्षांनी पाईप बदलावा लागला, तर स्लीव्ह असलेल्या ठिकाणी सीलंट (फट बुजवणारा लवचीक पदार्थ) खरवडून जुना पाईप ओढून काढता येतो. स्लीव्ह नसेल तर ब्रेकर आणावा लागतो, आणि ब्रेकरने तुळई किंवा स्लॅब फोडताना सळई उघडी पडते, कधी कापलीही जाते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत उघडी पडलेली सळई फार लवकर गंजते, म्हणून गोव्यात या नुकसानीला वेगळे वजन आहे. याशिवाय काँक्रीटची धार लागून पाईप घासला जाणे, धातूचा पाईप ओलसर काँक्रीटच्या स्पर्शाने खराब होणे, वरच्या मजल्यावरील पाण्याचा आवाज स्लॅबमधून खाली उतरणे, हे सारेही स्लीव्हमुळे कमी होते.

येथे एक गैरसमज स्पष्टपणे दूर करायला हवा. स्लीव्ह बसवली म्हणजे पाणी अडले, असे अजिबात नाही. उलट आरपार जागेतून पाणी उतरायला आता दोन वाटा तयार होतात. एक वाट काँक्रीट आणि स्लीव्हची बाहेरची बाजू यांच्यामधली, दुसरी स्लीव्हची आतली बाजू आणि पाईप यांच्यामधली. या दोन वाटा दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या पद्धतींनी बंद कराव्या लागतात. पहिली वाट काँक्रीट टाकतानाच बंद होते आणि नंतर तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही. दुसरी वाट पाईप बसवून झाल्यावर बंद करायची असते.

डिचोलीजवळचे एक घर

बऱ्याच वर्षांपूर्वी डिचोलीजवळच्या एका दुमजली घराचे काम चालू होते. स्लॅबच्या आदल्या दिवशी गवंडी मला म्हणाला, “साहेब, पाईपच सरळ उभा करून काँक्रीट टाकूया, वेगळी स्लीव्ह कशाला? पाईप घट्ट बसेल, पाणी येणार कोठून?” त्याचे म्हणणे वरवर पटण्यासारखे होते आणि वेळही कमी होता, म्हणून मी होकार दिला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या खोलीच्या छतावर पाईपभोवती बांगडीच्या आकाराचा काळपट डाग उमटला. पावसाचे पाणी समजून घरच्यांनी गच्चीवर खर्च करून वॉटरप्रूफिंग करून घेतले, तरी डाग वाढतच गेला.

शेवटी एका कोरड्या दिवशी, फेब्रुवारीत, वरच्या न्हाणीघरात बालदीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ते पाणी जमिनीवर ओतले. तासाभराने खाली पाईपच्या कडेने निळसर ओल दिसू लागली. पीव्हीसीचा गुळगुळीत पृष्ठभाग काँक्रीटला चिकटत नाही. काँक्रीट सुकताना थोडे आकसते आणि पाईपभोवती केसाएवढी फट राहते. त्या फटीतून अंघोळीचे पाणी उतरत होते. त्यावर गरम पाण्याने पाईपची रोजची हालचाल, त्यामुळे फट बुजण्याऐवजी रुंदावत गेली. पाईपभोवतीचा स्लॅब कापून, स्लीव्ह बसवून तो पुन्हा भरावा लागला. जे काम स्लॅबच्या आधी अर्ध्या तासात झाले असते, त्यासाठी त्या कुटुंबाला आठवडाभर घर सोडून नातेवाइकांकडे राहावे लागले, आणि याची सल मला आजही आहे.

आकार आणि साहित्य

स्लीव्हचा आतला व्यास पाईपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा इतका मोठा असावा की प्रत्येक बाजूला साधारण १० ते २० मिलिमीटर फट राहील. पाईपवर गरम पाण्यासाठी इन्सुलेशन (उष्णता राखणारे आवरण) चढणार असेल तर व्यास इन्सुलेशनसह मोजावा, कारण नेमकी हीच गोष्ट विसरली जाते आणि मग आरपार जागेत इन्सुलेशन कापून टाकले जाते. संडासाच्या ११० मिलिमीटर पाईपसाठी १६० ची स्लीव्ह घ्यावी. ७५ च्या पाईपला ११० ची पुरते. पाऊण इंची सीपीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो, त्याला ५० ची स्लीव्ह चालते. त्यावर ९ मिलिमीटर जाडीचे इन्सुलेशन आले तर ६३ ची घ्यावी. एक इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपलाही ६३ ची स्लीव्ह ठीक बसते. फट फार मोठी झाली तर सीलंट खाली ओघळतो आणि फार लहान झाली तर बॅकर रॉड (सीलंटखाली बसवायची फोमची दोरी) आत जात नाही, म्हणून हाताशी असलेला कोणताही तुकडा चालवून घेऊ नये.

घराच्या नेहमीच्या कामात जाड भिंतीच्या पीव्हीसी पाईपची स्लीव्ह उत्तम. पातळ पन्हळीचा पाईप काँक्रीटच्या दाबाने चपटा होतो, तो वापरू नये. किनारपट्टीच्या भागात साधी लोखंडी स्लीव्ह मी टाळतो. ती गंजली की फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला तडे पाडते. जेथे लोखंडी स्लीव्हच लागते तेथे ती गॅल्वनाइझ केलेली असावी आणि कापलेल्या कडांना झिंकयुक्त रंग लावावा. अॅल्युमिनियमचा तुकडा काँक्रीटमध्ये कधीही पुरू नये, कारण ओल्या सिमेंटच्या क्षारांशी त्याची रासायनिक क्रिया होते. एसीचा तांब्याचा पाईप लोखंडी स्लीव्हला टेकू देऊ नये. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओल आली की गंज सुरू होतो.

स्लॅबमध्ये स्लीव्ह बसवणे

स्लीव्हची लांबी आधी हिशेबाने ठरवावी. समजा स्लॅब १२५ मिलिमीटर जाड आहे, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि कोबा मिळून ५० मिलिमीटर येणार आहे आणि फरशी १० मिलिमीटरची आहे. ओल्या जागेत स्लीव्ह तयार फरशीच्या वर आणखी ५० मिलिमीटर राहिली पाहिजे, म्हणजे सांडलेले पाणी तिच्या तोंडातून आत शिरणार नाही. ही बेरीज २३५ होते, तेव्हा २५० मिलिमीटरचा तुकडा कापावा आणि जास्तीचा भाग फरशी झाल्यावर कापून काढावा. खालची कड मात्र स्लॅबच्या तळाशी बरोबर लागावी. स्लीव्हच्या दोन्ही कापलेल्या कडा कानशीने किंवा पॉलिशपेपरने गोलसर कराव्यात, कारण धारदार कड पुढे वर्षानुवर्षे आतल्या पाईपला घासत राहते.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते. स्लीव्हची बाहेरची बाजू खरखरीत करायची असते. आधी खडबडीत पॉलिशपेपरने ती आडवी-उभी घासावी, मग तिच्यावर सॉल्व्हंट सिमेंटचा हात फिरवावा आणि तो ओला असतानाच त्यावर कोरडी, चाळलेली जाड रेती शिंपडावी. स्लीव्ह हळूहळू गोल फिरवत रेती सगळीकडे सारखी बसू द्यावी आणि ती सावलीत सुकवावी. सुकल्यावर बोट फिरवले तर ती पॉलिशपेपरसारखी लागली पाहिजे. बोटाबरोबर रेती सुटत असेल तर पुन्हा लेप द्यावा. या रेतीला काँक्रीट घट्ट पकडते आणि वर सांगितलेली पहिली वाट अरुंद होते. न्हाणीघर, संडास आणि गच्ची येथे याशिवाय स्लीव्हच्या मध्यभागी पाण्याने फुगणारी वॉटरस्टॉप पट्टी एक वेढा गुंडाळावी. ही पट्टी काँक्रीट टाकेपर्यंत कोरडी राहिली पाहिजे. पावसाची सर आली आणि ती आधीच फुगली तर तिचा उपयोग संपतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात ती अगदी शेवटच्या क्षणी लावावी.

शटरिंगवर जागा आखताना जवळच्या भिंतीवरून अंदाज करू नये. स्तंभांच्या मध्यरेषांपासून सूत धरून, गुण्या लावून दोन्ही दिशांची अंतरे मोजावीत आणि खूण करावी. वरच्या मजल्याची स्लीव्ह खालच्या स्लीव्हशी ओळंब्यात आहे की नाही, हे ओळंबा सोडूनच तपासावे. मग स्लीव्हच्या आतल्या व्यासाएवढी लाकडी चकती प्लायवूडवर दोन खिळ्यांनी ठोकावी आणि स्लीव्ह तिच्यावर टोपीसारखी बसवावी, म्हणजे काँक्रीटच्या धक्क्याने ती खालून सरकत नाही. आत वाळू भरून वरचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे. दोन-तीन ठिकाणी बायंडिंग तारेने ती सळयांना बांधावी, पण सळई वाकवून किंवा कापून जागा करू नये. सळई आडवी येत असेल तर अभियंत्याला विचारून स्लीव्ह सरकवावी किंवा भोवती जादा सळया घालून घ्याव्यात. दोन स्लीव्हच्या केंद्रांमध्ये व्यासाच्या किमान तिप्पट अंतर असावे. सहा पाईप एकाच कोपऱ्यात घुसवायचे असतील तर सहा स्लीव्हपेक्षा अभियंत्याने आखलेले एकच चौकोनी भोक अधिक सुरक्षित असते.

काँक्रीट पडत असताना एक माणूस फक्त स्लीव्हकडे लक्ष देण्यासाठी उभा करावा. व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून बसवणाऱ्या यंत्राची) सुई स्लीव्हला टेकवू नये, पण तिच्याभोवती काँक्रीट पूर्ण बसले पाहिजे, कारण तेथे मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळी राहिली तर वरची सगळी मेहनत फुकट जाते. काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी प्रत्येक स्लीव्हला लेव्हल पट्टी लावून ती उभी आहे ना, हे एकदा पाहावे.

तुळईत स्लीव्ह घालण्याचा निर्णय प्लंबरने किंवा गवंड्याने घेऊ नये. तुळईच्या टोकांशी, म्हणजे स्तंभाजवळ, कातरबल (तुळईला आडवी कापू पाहणारे बल) जास्त असते आणि वर-खाली मुख्य सळया असतात. म्हणून भोक द्यावेच लागले तर ते टोकांपासून दूर, तुळईच्या उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात आणि रचनाकार अभियंत्याच्या लेखी संमतीनेच द्यावे.

चिऱ्याच्या भिंती आणि पाया

गोव्यात घरांची सांडपाण्याची उभी लाईन बहुधा बाहेरच्या भिंतीवरून उतरते, म्हणून आपल्याकडे स्लॅबइतक्याच भिंतीतल्या स्लीव्ह महत्त्वाच्या आहेत. चिऱ्याच्या भिंतीत स्लीव्ह बांधकामाच्या ओघातच बसवावी. चिरा तासून तिच्यासाठी खाच करावी आणि भोवती सिमेंट-रेतीचा माल ठासावा. जांभा सच्छिद्र असल्यामुळे कोरडा चिरा मालातले पाणी शोषून घेतो आणि माल भुसभुशीत राहतो, म्हणून माल लावण्यापूर्वी खाच पाणी मारून ओली करावी. स्लीव्हची लांबी दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह मोजावी.

बाहेरच्या भिंतीतील स्लीव्ह बाहेरच्या बाजूला थोडी उतरती असावी. नऊ इंची भिंतीत ५ ते १० मिलिमीटरचा उतार पुरतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, नैऋत्येच्या वाऱ्याने पाणी भिंतीवर आडवे आपटत असताना, सपाट स्लीव्ह म्हणजे घरात उघडी ठेवलेली पन्हळच होय. एसीसाठी नंतर पाडलेल्या भोकांत हा दोष हमखास आढळतो: भोक आतल्या बाजूने पाडले जाते, हात थकतो तसा ड्रिलचा मागचा भाग खाली झुकतो आणि टोक वर जाते, उतार उलटा होतो, आणि जुलैमध्ये एसीच्या मागे भिंत पाझरू लागते.

पायातून किंवा प्लिंथ (जोत्याच्या) तुळईखालून बाहेर पडणाऱ्या पाईपला फट वरच्या बाजूला जास्त ठेवावी. माती खचेल तशी पाईप खाली जाते, पण घर बसले तर भिंतीचा भार वरून पाईपवर येतो. तो येऊ नये म्हणून ही वरची जागा हवी. स्लीव्हच्या वर चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा छोटा लिंटेल असावा. जमिनीत शिरणाऱ्या प्रत्येक पाईपभोवतीची फट ही वाळवीची आवडती वाट असते. बांधकामाच्या वेळी वाळवीप्रतिबंधक फवारणी करताना पाईपभोवतीची माती १५० मिलिमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर खोल सैल करून त्यात औषध मुरवण्याची पद्धत आहे, ती फवारणी करणाऱ्याकडून समोर उभे राहून करून घ्यावी. फवारणी झाल्यावरच स्लीव्हची फट बंद करावी.

जुन्या घरांत, जेथे दीड-दोन फूट जाडीच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या मालात रचलेल्या असतात, तेथे हातोड्याने किंवा हॅमर ड्रिलने भोक पाडू नये. धक्क्यांनी आतला माल सुटतो आणि भोकाच्या वरचे चिरे खाली बसू लागतात. कोअर कटिंगच्या यंत्राने, ठोका न देता, फिरवत कापावे आणि स्लीव्ह भिंतीच्या पूर्ण जाडीची ठेवावी. काँक्रीटमध्ये कोअर कटिंग करायचे असल्यास आधी सळईशोधक यंत्राने सळयांची जागा पाहून घ्यावी.

भूमिगत टाकी आणि गच्ची

नळाला पाणी ठरावीक वेळेसच येते, म्हणून बहुतेक घरांत भूमिगत टाकी असते आणि सखल भागांत पावसाळ्यात बाहेरचे भूजल टाकीच्या भिंतीवर दाब देते. येथे साधी स्लीव्ह चालत नाही. मध्यभागी गोल लोखंडी पट्टी वेल्ड केलेला तुकडा, ज्याला पडल फ्लँज म्हणतात, तो टाकीच्या भिंतीत काँक्रीटबरोबरच घालायचा असतो. पाणी पाईपच्या कडेने पुढे सरकू लागले तर ही पट्टी त्याला अडवते आणि त्याची वाट लांबवते. या ठिकाणी पाईपला हलू द्यायचे नसते. हा तुकडा भिंतीचाच भाग असतो, आणि हालचालीसाठी लागणारी लवचीक जोडणी टाकीच्या बाहेर दिली जाते. पट्टीच्या वेल्डिंगमध्ये एकही भोक राहता कामा नये, म्हणून काँक्रीटपूर्वी वेल्डवर साबणाचे पाणी लावण्यापेक्षा थेट केरोसीन लावून दुसऱ्या बाजूने खडूची पूड फासावी. केरोसीन झिरपले तर पूड लगेच डागाळते. तपासणी झाल्यावर तेल पूर्ण पुसून, धुऊन काढावे, नाहीतर काँक्रीट त्या जागी चिकटणार नाही.

गच्चीवरील स्लीव्ह वॉटरप्रूफिंगच्या तयार पातळीपासून किमान १५० मिलिमीटर वर उचललेली असावी, वॉटरप्रूफिंगचा थर तिच्यावर चढवून घ्यावा आणि वरून पाईपला क्लँपने आवळलेली टोपी घालावी, जिची कड स्लीव्हच्या बाहेर उतरेल. टोपी स्लीव्हला चिकटवू नये.

फट बंद करणे

आता दुसरी वाट. पाईप ओवताना तो स्लीव्हच्या तळावर टेकवून सोडू नये. आरपार जागेच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर क्लँप लावून त्याला स्लीव्हच्या मध्यभागी धरावे. स्लीव्हच्या आत कधीही सॉकेट, कपलर किंवा कोणताही सांधा येऊ देऊ नये, कारण तो गळला तर दिसणार नाही आणि दुरुस्तही करता येणार नाही.

अनेक ठिकाणी ही फट सिमेंटने किंवा व्हाईट सिमेंटने भरून वरून रंग दिला जातो. दिसायला काम स्वच्छ दिसते, पण त्यामुळे स्लीव्ह बसवण्याचा हेतूच नाहीसा होतो: पाईप पुन्हा घट्ट धरला जातो आणि पहिल्याच हालचालीत सिमेंटला गोल तडा जातो. फट लवचीक पदार्थानेच भरली पाहिजे. आधी फटीतली वाळू, धूळ आणि चिकटपट्टीचे अवशेष काढून दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावेत. मग फटीपेक्षा साधारण पाव भागाने जाड असा फोमचा बॅकर रॉड, म्हणजे १२ मिलिमीटरच्या फटीला १५ मिलिमीटरचा, बोथट लाकडी पट्टीने सारख्या खोलीवर दाबून बसवावा. टोकदार स्क्रूड्रायव्हरने दाबल्यास रॉडला भोके पडतात आणि सीलंटमध्ये बुडबुडे येतात. रॉडच्या वर पॉलियुरेथेन सीलंट भरावा. त्याची खोली फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी, पण ६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. रॉडमुळे सीलंट फक्त पाईपला आणि स्लीव्हला चिकटतो, तळाला चिकटत नाही, म्हणूनच तो रबरासारखा ताणला जाऊ शकतो. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून वरचा भाग किंचित खोलगट करावा.

फवारून फुगणारा फोम एकटा पुरेसा नाही. तो फट भरतो, पाणी थांबवत नाही आणि उन्हात भुरभुरतो. सीपीव्हीसी पाईपसाठी सीलंट घेताना तो त्या प्लास्टिकला चालतो का, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण काही तेलकट आणि प्लॅस्टिसायझरयुक्त पदार्थांनी सीपीव्हीसी ठिसूळ होऊन चिरतो. पावसाळ्यात भिंत ओली असताना सीलंट भरू नये; गरम हवेच्या यंत्राने जागा सुकवून मगच काम करावे, किंवा उघडीप होईपर्यंत थांबावे.

१५ मीटर व त्याहून उंच इमारतींत, आणि जेथे पाईप अग्निरोधक भिंतीतून किंवा मजल्यातून जातो तेथे, फटीत अग्निरोधक सीलंट आणि प्लास्टिक पाईपवर उष्णतेने फुगणारी कॉलर लागते; प्लास्टिक जळून गेले तरी कॉलर फुगून भोक बंद करते. गॅसचा पाईप भिंतीतून जात असेल तर त्याची स्लीव्ह घराच्या आतल्या बाजूने बंद आणि बाहेरच्या बाजूने खुली ठेवतात, म्हणजे गळलेला वायू खोलीत न साठता बाहेर जातो. हे काम गॅसपुरवठा करणाऱ्यांच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. विजेची केबल आणि पाण्याचा पाईप एकाच स्लीव्हमधून कधीही नेऊ नये.

फरशी बसवण्यापूर्वी प्रत्येक स्लीव्हचे दोन भिंतींपासूनचे अंतर मोजून ते नकाशावर लिहावे आणि मोजपट्टी धरलेली असतानाच छायाचित्र काढून घरमालकाकडे द्यावे. मग न्हाणीघराचे निचऱ्याचे तोंड बंद करून तळात ५० मिलिमीटर पाणी ४८ तास साठवावे. पाणी स्लीव्हच्या तोंडाच्या वर जाऊ देऊ नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून शिडी लावून प्रत्येक स्लीव्हच्या कडेने वर्तमानपत्राचा कोरडा कागद दाबून फिरवावा. कागदावर ओलीचा एक ठिपका जरी उमटला, तरी ती स्लीव्ह खडूने खूण करून ठेवावी आणि ती दुरुस्त होऊन पुन्हा तपासली जाईपर्यंत टाईल्स बसवणाऱ्याला आत येऊ देऊ नये.